रंजनाची निळी झाकणं

दुकानात गेले की माझा हात मालावर जायच्या आधी फळीच्या कडेवर जातो. आमच्या ह्यांना आता त्याची सवय झाली आहे. ते गाडी ढकलत पुढे जातात, तूरडाळ, साबण, चहापत्ती सगळं भरून काउंटरशी येतात, आणि मी अजून पहिल्याच रॅकपाशी उभी. मालाच्या भावाची चिठ्ठी ज्या पट्टीत बसवलेली असते ती पट्टी अंगठ्याने वर-खाली करून बघत असते. एकदा तिथल्या गार्डने मला हटकलं. ह्यांनी लांबूनच ओरडून सांगितलं, "राहू द्या भाऊ, ती चोर नाही. तिचीच पट्टी हाये ते!"

सगळं दुकान हसलं. मी नाही हसले. त्या बोलण्यातला अर्धा भाग खोटा होता, आणि कोणता ते ह्यांनाही माहीत नव्हतं.

या दिवाळी अंकाच्या बाई म्हणाल्या, तुमच्या कामाबद्दल लिहा, वाचणाऱ्यांना गंमत वाटेल. मी म्हटलं, मी दहावी नापास, मला लिहिता येत नाही, बोलता येतं. तर म्हणाल्या, बोलता तसंच लिहा. तर हे तसंच आहे. गंमत थोडी आहे, जळफळाट जास्त आहे. आधीच सांगून ठेवते, मग म्हणू नका.

आधी पट्टी म्हणजे काय ते सांगते. तुम्ही फळीवरून बिस्किटाचा पुडा उचलता ना, त्याच्या खाली एक चिठ्ठी असते. नाव, वजन, भाव. ती चिठ्ठी काही हवेत उभी राहत नाही. फळीच्या कडेला एक लांब पारदर्शक पट्टी असते, तिच्या खिशात ती चिठ्ठी बसते. तुमचं तिच्याकडे लक्ष जात नाही, आणि जाऊही नये. लक्ष गेलं म्हणजे पट्टीत काहीतरी चुकलं. पट्टीची कामं तीनच. चिठ्ठी धरायची, ती वाचता आली पाहिजे, आणि भाव बदलला की ती पटकन काढता आली पाहिजे. धरणं, वाचणं, बदलणं. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे मला याच तीन शब्दांनी रडवलं आहे.

आणि पट्टी होते कशी? दिवाळीचे दिवस आहेत, तर सोऱ्या डोळ्यासमोर आणा. चकलीची चकती लावली तर चकली येते, शेवेची लावली तर शेव. पीठ तेच. आमच्याकडे पिठाच्या जागी प्लास्टिकचा दाणा, तो मशीनमध्ये वितळतो, पुढे पोलादी चकती असते तिला डाय म्हणतात, त्यातून पट्टी अखंड बाहेर येते आणि पाण्याच्या हौदातून थंड होत जाते. पुढे एक माणूस कापत बसतो. सोऱ्याची चकती तुम्ही क्षणात बदलता. आमची डाय एकदा कापली की कापली. चुकली तर ती दाराला अडसर म्हणून लावा, दुसऱ्या कामाची नाही. म्हणून डाय कापायच्या आधी आकार पक्का पाहिजे. तो आकार काढणं हे माझं काम होतं.

हे काम मला कुणी दिलं नव्हतं. हिंगण्याच्या एमआयडीसीत भाऊंचा शेड होता. भाऊ म्हणजे आमचे मालक. वायरिंगच्या पट्ट्या निघायच्या तिथे, आणि जोडीला थोडी दुकानाची पट्टी. मी पॅकिंगला होते. एक दिवस दुकानाच्या पट्टीचे खोकेच्या खोके परत आले, फळीवर बसत नाही म्हणून. भाऊ फिटरवर ओरडत होते. मी पट्टी हातात घेऊन पाहिली. चूक फिटरची नव्हती. त्याने ज्या दुकानाचं माप आणलं त्या दुकानात ती बसत होती. पण किराणावाल्याची फळी प्लायची, जाड. औषधवाल्याची काचेची, पातळ. तिसऱ्याचा लोखंडी रॅक, त्याची कड खाली वळलेली. सगळ्यांना एकच माप कसं चालेल?

घरी सासूबाईंच्या कमरेचा जुना एक्स-रे पडला होता. तो कापला, गॅसवर जरा गरम करून चिमट्याने वाकवला, आणि स्वयंपाकघराच्या फळीला लावून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, "काय करून राहिली वं?"

"पट्टी करते, आई."

"माया कमरेची पट्टी केली? डॉक्टरनं मागितला तर काय दाखवू, ही फळी?"

त्या एक्स-रेनंतर मी थांबलेच नाही. लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, शर्टाच्या कॉलरमधलं प्लास्टिक, जे सापडेल ते. मला मिलिमीटर वाचता यायचे नाहीत सुरुवातीला. मी कागदाची चिंधी घेऊन दुकानोदुकानी फळीच्या जाडीची तिच्यावर पेनाने खूण करून आणायची. भाऊ ती चिंधी मोजून घ्यायचे. पुढे मीच मोजायला शिकले.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. इतवारीत एक शेठ होते. पट्टी आवडली, घेतली, लावली. महिन्याने बघायला गेले तर चिठ्ठीवर मालाचं नाव, आणि भावाच्या जागी सगळीकडे एकच शब्द, 'पूछिए'. मी म्हटलं, शेठजी, भाव का नाही लिहिला? ते म्हणाले, "बाई, भाव लिख दिया तो गिराक से बात क्या करेंगे?" मला आधी राग आला, मग पटलं. त्यांच्या दुकानात माणसं भाव वाचायला येतच नव्हती, भांडायला येत होती.

पहिला मोठा मार मला नागपूरच्या उन्हाने दिला. पट्टी मागून गोंदाच्या टेपने चिकटवायची, सगळ्या प्रकारच्या फळ्यांना चालेल, असं मला सुचलं होतं. हिवाळ्यात वाहवा झाली. मे महिन्यात पत्र्याचं छत असलेल्या एका दुकानदाराचा फोन आला, "मॅडम, तुमच्या पट्ट्या झोपल्या." जाऊन पाहते तर खरंच. दुपारी दुकान बंद असताना गोंद पाघळला आणि सगळ्या पट्ट्या खाली. पोह्याचा भाव साबणाच्या ढिगात, साबणाचा हळदीत. मी फरशीवर बसून एकेक उचलली. त्या दिवशी ठरवलं, आता चिकटवणार नाही, चावणारी पट्टी करणार. केसांना लावायचा क्लचर असतो ना, पातळ वेणीलाही धरतो आणि जाड अंबाड्यालाही? तसा जबडा पट्टीच्या मागे दिला. सहा मिलिमीटरची काच असो की एकोणीसची प्लाय, एकच पट्टी. तिला मी जबडापट्टी म्हणायची. हिंगण्यात कुणीच तशी काढत नव्हतं. ती निघाली तेव्हा मी शेडमध्ये अशी चालायची जणू मशीनसुद्धा मला बघून उठून उभी राहणार आहे.

आता रंजना.

मानेवाड्याकडे एक मार्ट होतं, तिथे जबडापट्टी लावून चारेक महिने झाले होते. कशी चालली बघायला गेले. मॅनेजर दारातच भेटले, खूष. म्हणाले, "या मॅडम, तुमच्या पट्टीत आमच्या रंजनाने काय सुधारणा केली ते पाहा आधी."

सुधारणा. माझ्या पट्टीत. कानाच्या पाळ्या तिथेच गरम झाल्या.

त्यांनी मला सगळ्यात खालच्या फळीपाशी नेलं. पट्टीच्या खालच्या कडेमागे दोन टोकांना दोन निळी झाकणं खुपसली होती. पाण्याच्या बाटलीची असतात ती. त्यामुळे पट्टीची खालची कड पुढे आली होती आणि चिठ्ठी तिरपी होऊन वर बघत होती. मी सरळ उभी होते, वाकले नव्हते, चष्माही पुसला नव्हता, आणि सगळ्यात खालच्या फळीवरचा गुळाचा भाव मला स्वच्छ दिसत होता.

रॅकच्या दुसऱ्या बाजूला एक बारीक बाई माल लावत होती. साडीवर दुकानाचा लाल कोट. मॅनेजरांनी हाक मारली तशी ती हात पुसत आली.

मी विचारलं, "हे तू लावलं?"

"हो जी. झाकणं हायेत पाण्याच्या बाटलीची."

"काहून पण?"

"म्हाताऱ्या बाया येतात ना ताई. खालचा भाव दिसत नाही त्यांले. मले विचारतात, मग मी वाकते. दिवसातून किती डाव वाकू? म्हटलं, चिठ्ठीच वर पाहून राहिली तर कोणालेच वाकाचं काम नाही."

बस. एवढंच. तिने काही मिरवलं नाही, हात पुसत उभी होती.

खरं सांगू? माझे गुडघे तेव्हा दोन वर्षांपासून दुखत होते. मी शेकडो दुकानांत खालच्या फळीशी वाकले होते, 'आई गं' म्हणत उठले होते, आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं की खालची चिठ्ठी माणसाच्या गुडघ्यांशी बोलते आहे, तोंडाशी नाही. धरणं, वाचणं, बदलणं. मी सगळी अक्कल धरण्यात घातली होती. वाचणं या बाईने दोन झाकणांत करून टाकलं होतं. आणि मॅनेजर कौतुकाने तिच्याकडे बघत होते. पट्टी माझी, आणि बघत होते तिच्याकडे!

जळणं हा शब्द आपण सहज वापरतो. मी तेव्हा खरोखर जळले. घशापासून पोटापर्यंत, तिखट लागावं तसं. आणि माझ्या तोंडून कंपनीचा आवाज निघाला.

"ही झाकणं काढून टाका. पट्टीवर ताण येतो. तडकली तर कंपनी बदलून देणार नाही."

हे अगदी खोटं नव्हतं. ताण येतच होता. म्हणूनच ते जास्त वाईट होतं. खोटं बोलले असते तर निदान पकडली गेले असते.

मॅनेजरांचा चेहरा पडला. म्हणाले, "काढ बाई रंजना, मॅडम म्हणतात तर." ती खाली बसली. एकेक झाकण ओढून कोटाच्या खिशात टाकत गेली. टक, टक. एका ओळीचं झालं तशी तिने मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात एक आजी पिशवी घेऊन आल्या आणि त्या फळीपाशी थांबल्या. "हा गूळ कसा हाये वं?"

रंजना वाकली, भाव वाचला, आजींना सांगितला. मी तिथेच उभी होते.

घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत कामाला लागले. झाकणाशिवाय पट्टी तिरपी कशी होईल? पट्टीचे दोन भाग केले. मागचा भाग फळीला चावणारा, पुढचा चिठ्ठी धरणारा. दोघांना जोडणारा सांधा असा पाहिजे की पुढचा भाग वळेल, पण जिथे सोडला तिथेच थांबेल, स्वतःच्या वजनाने खाली लोंबणार नाही. खालच्या फळीवर वर बघेल, वरच्या फळीवर खाली बघेल, मधल्या फळीवर सरळ. एक्स-रे वाकवून वाकवून बोटं भाजली. शेवटी मागच्या भागाला अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी लांब खाच दिली आणि पुढच्या भागाला विणायच्या सुईसारखी गोल दांडी. दांडी खाचेत दाबली की टच्च बसते, घट्ट फिरते. हे सोपं वाटतं ना वाचताना? मुठीचं तोंड एका केसाने जास्त उघडलं तर दांडी निसटते, एका केसाने मिटलं तर फिरत नाही. तो केस शोधायला मला तीन आठवडे लागले. सांधा माझा होता. हे मी आजही कुणाला सोडणार नाही.

भाऊंना नमुना दाखवला. त्यांनी टेबलाच्या कडेला लावला, वळवला, खाली केला, वर केला. एखादं खेळणं मिळावं तसे खेळत बसले. मग म्हणाले, "सुमनबाई, हे कसं काय सुचलं तुम्हाला?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणाले, "गुडघे दुखतात ना भाऊ."

डाय कापली. पट्टी निघाली. तिने जबडापट्टीला कधीच मागे टाकलं. आमच्या शेडमध्ये मालाला नंबर असायचे. त्या वर्षी खंडेनवमीला मशीनला हार घातला, सगळ्यांना पेढे वाटले, आणि भाऊ म्हणाले, "आजवर आपल्या मालाले नंबरच होते. याले नाव देऊ." खोक्यावर छापलं, 'सुमन पट्टी'. मला शाल दिली. टाळ्या वाजल्या. शाल खांद्यावर, आणि माझ्या कानात टक, टक.

यानंतरची सहा-सात वर्षं मी माझ्याच पट्टीवर जळत काढली. ऐकायला विचित्र वाटेल. पण ज्या दुकानात जावं तिथे कौतुक कशाचं? औषधाच्या दुकानातल्या एक बाई म्हणाल्या, "ही वर बघते ना, तेच छान आहे हो." मिठाईवाले म्हणाले, "तिरपी होते, तेच पाहिजे होतं." सगळ्यांना तिरपेपणा आवडला. माझ्या सांध्याचं नाव एकाने काढलं नाही. सांधा कुणाला दिसतच नाही. दिसला तर समजायचं की बिघडला. म्हणजे जी शाबासकी माझ्या नावाच्या खोक्यावर येत होती ती आतून सगळी त्या लाल कोटाची होती. शाबासकी घेताना मला कुणीतरी दुसऱ्याचं ताट माझ्यापुढे सरकवल्यासारखं वाटायचं, आणि मी ते जेवायची.

मानेवाड्याच्या मार्टाने नवी पट्टी मागवली तेव्हा मी ताप आहे असं सांगितलं. फिटरला पाठवलं. तो परत आल्यावर मात्र विचारल्याशिवाय राहवलं नाही, "तिथं कोणी काही म्हटलं का?" तो म्हणाला, "एक बाई हसली फक्त."

दोन वर्षांपूर्वी मी रिटायर झाले. वाटलं, आता सुटले.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी मिहानकडे एक नवं मोठं दुकान उघडलं तिथे आम्ही दोघं गेलो. नेहमीप्रमाणे हे गाडी घेऊन पुढे, मी पट्टीपाशी. पाहते तर माझ्या पट्टीची खालची कड कुरतडलेली! वीतभर अंतरावर एकेक अर्धचंद्र. मला वाटलं, एवढ्या नव्या दुकानात उंदीर? मग जवळून पाहिलं. उंदीर एवढ्या मापात कुरतडत नाही. प्रत्येक चिठ्ठीच्या बरोबर मधोमध एक चंद्रकोर, आणि कड गुळगुळीत.

माझी रिटायरमेंट मी विसरले. त्याच जुन्या आवाजात म्हणाले, "ह्या पट्ट्या कोणी खराब केल्या?"

रॅकमागून आवाज आला, "मी केल्या. आता हेही काढाले लावता का, ताई?"

रंजना. मानेवाड्याचं मार्ट सोडून ती इथे लागली होती. कोट आता निळा होता आणि छातीवर सुपरवायझरचा बिल्ला. केस पांढरे झाले होते. मी काही बोलायच्या आत तिने अंगठा त्या चंद्रकोरीत घातला आणि चिठ्ठी खालून वर ढकलली. चिठ्ठी अलगद वर आली. तिने ती काढली, दुसरी सरकवली. तुम्ही एकदा जांभई द्याल तेवढ्यात.

"नेलकटरनं कापलं जी," ती म्हणाली. "तुमच्या पट्टीत चिठ्ठी घट्ट बसते. बदलाची म्हटलं तर नखं तुटतात पोरींची. एका एका दिवशी शंभर भाव बदलतात."

धरणं, वाचणं, बदलणं. तीन कामं. एक मी केलं होतं. उरलेली दोन्ही तिने. एकदा बाटलीच्या झाकणाने आणि एकदा नेलकटरने! मला एक्स-रे लागले, डाय लागल्या, तीन-तीन आठवडे लागले. हिला दिवाळीच्या फराळासारखं सगळं घरचंच पुरत होतं. मी म्हातारी झाले, माझं जळणं काही म्हातारं झालं नव्हतं.

मी विचारलं, "तुले माहीत होतं?"

"काय जी?"

"ते... झाकणांचं. अन् मग पट्टीचं."

ती हसली. "झाकणं काढाले लावली, अन् काही महिन्यांत वळणारी पट्टी आली. मी काय लहान आहो का?"

"मग बोलली काहून नाही तू?"

"कोणाले बोलू? खोक्यावर तुमचं नाव होतं." ती चिठ्ठ्या सारख्या करत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "घरी सांगितलं होतं मी. माया पोरीले म्हटलं, पाह्य, ही दुकानातली पट्टी असते ना, ते तुह्या मायच्या डोक्यातून निघाली. ती हसाले लागली. म्हणे, आई, काही बी सांगतं, त्यावर तर दुसऱ्याच बाईचं नाव हाये. मग मी सांगणंच सोडलं."

शाल घेताना मला लाज वाटली नव्हती इतकी त्या रॅकपाशी वाटली. भाऊंना न सांगणं वेगळं. पण ती घरी खोटी ठरली होती, आपल्याच लेकीपुढे, आणि तिला खोटं पाडणारं अक्षर माझ्या नावाचं होतं.

मी म्हटलं, "तुझी सुट्टी कधी असते? हिंगण्याले चल माझ्यासोबत."

मंगळवारी तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले. वाटेत मी बोलायचं ठरवत होते. आणि सांगते, लपवणार नाही, मी हिशेबाने ठरवत होते. चंद्रकोर तिची आहे हे सांगायचं. झाकणांचं काढायची गरज काय? जुनी गोष्ट. नवीन पट्टीला तिचं नाव मिळेल, माझं जुन्या पट्टीवर राहील, दोघींचं भागेल. एमआयडीसीच्या फाटकापर्यंत माझं हे अगदी पक्कं झालं होतं.

भाऊ आता थकलेत, पण टेबलावर नमुना ठेवला की डोळे तसेच चमकतात. कापलेली पट्टी मी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी अंगठा घातला, चिठ्ठी वर ढकलली. पुन्हा घातला. पुन्हा ढकलली.

"वा!" ते म्हणाले. "सुमनबाई, घरी बसूनही डोकं चालूच आहे तुमचं!"

रंजना माझ्या शेजारी उभी होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मानेवाड्याला फरशीवर बसून पाहिलं होतं अगदी तसं. काही मागत नव्हती. बाई आता काय करते एवढंच बघत होती.

मी वाटेत जे ठरवलं होतं ते तिथे राहिलंच नाही. म्हणाले, "भाऊ, हे माझं नाही. हे हिचं हाये. अन् पट्टी तिरपी करणं पण हिचंच होतं. मी हिची झाकणं काढाले लावली, अन् तुमच्यापाशी येऊन गुडघ्यांचं नाव सांगितलं."

मग झाकणांची सगळी गोष्ट सांगितली. भाऊ पट्टी हातात धरून ऐकत राहिले. मशीन चालू होतं, हौदात पाणी वाहत होतं. मग पट्टी टेबलावर ठेवून म्हणाले, "मग गुडघे?"

"दुखत होते भाऊ. ते खरं होतं."

"अन् सांधा?"

"सांधा माझा आहे," मी म्हणाले, इतक्या जोरात की कापणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. "तो मी नाही देणार कोणाले."

रंजना म्हणाली, "ठेवा जी तुमच्यापाशी. मी काय करू सांधा नेऊन?"

भाऊ हसले. मला वाटतं त्यांनी मला तिथे माफ केलं. रंजनाने केलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. परत येताना ती स्कूटीवर एवढंच म्हणाली, "घट्ट धरा, पुढं खड्डा हाये."

नवी डाय झाली नाही, चंद्रकोर कापायला नुसता एक पंच, म्हणजे दाबून कापणारा ठसा, लावला. मात्र खोकी नवीन छापली. भाऊंनी निरोप पाठवला म्हणून आम्ही दोघी पुन्हा गेलो. खोक्यावर वरच्या ओळीत 'रंजना', खालच्या ओळीत 'सुमन'. मी चष्मा लावला. पर्समध्ये माझी जुनी मापाची फूटपट्टी असतेच, ती काढून अक्षरं मोजली. तिचं नाव दोन मिलिमीटरने उंच आहे. भाऊंना म्हटलं, हे काय? ते म्हणाले, छापणाऱ्याची चूक असेल. चूक नाही. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते.

भाऊंनी रंजनाला विचारलं, आणखी काय पाहिजे? तिच्या मोबदल्याचं त्यांचं आधीच बोलणं झालं होतं, म्हणून तिने जरा विचार केला. म्हणाली, "एक रिकामं खोकं द्या."

"रिकामं? कशाले?"

"घरी नेते. पोरीच्या टेबलावर ठेवते."

तिने ते खोकं स्कूटीच्या पुढ्यात पायांमध्ये उभं केलं, नाव समोर येईल असं, जरासं मागे टेकवून, तिरपं. आम्ही निघालो. मी मागे बसून तिच्या खांद्यावरून ते खोकं बघत होते. माझ्या नावाची खोकी इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून ट्रकमध्ये चढली, हजारांनी चढली असतील. त्यांतलं एकही मी घरी आणलं नाही. सासूबाई होत्या तेव्हा, माझ्या कपाटावर ठेवलं असतं तर त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं असतं.

तेसुद्धा मला सुचलं नव्हतं. तेसुद्धा हिलाच सुचलं.